मोजणीसाहेबांची नस्ल

माणसाची पारख कोंबडीकडून करून घेणारा एकच माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की त्याच्याच घरात मला भाड्यानं राहावं लागलं.

पालमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हाची ही गोष्ट. मागच्या गल्लीत दोन खोल्या रिकाम्या आहेत, असं दवाखान्यातल्या शिपायानं सांगितलं. "खोल्या झ्याक हायेत मॅडम, पर मालकाची कोंबडी हो म्हणली पायजे." मला वाटलं, नवीन माणसाची चेष्टा करतोय. पण तिथं गेले तर अंगणात एक लोखंडी खुर्ची ठेवलेली, समोर वेताच्या आरामखुर्चीत साहेब, आणि मधल्या मोकळ्या जागेत कोंबड्या हिंडतायत. साहेबांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "बसा. बोलू नका. हलू नका," एवढंच म्हणाले. मी मांडीवर पिशवी घेऊन बसले. थोड्या वेळानं एक तांबूस, उंच मानेची कोंबडी आली, माझ्या चपला तिनं निरखल्या आणि टुणकन उडी मारून पिशवीशेजारी मांडीवर अंग टाकलं. साहेब म्हणाले, "खोली तुमची."

पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला खोली हवी होती.

साहेब भूमिअभिलेखात मोजणीला होते आणि तिथूनच निवृत्त झाले होते. अख्खं पालम त्यांना मोजणीसाहेब म्हणायचं. दोन भावांमधला बांध साहेबांनी मोजला की ते भाऊ पुन्हा एका पंगतीला बसत नाहीत, असं लोक म्हणायचे, आणि हे ऐकून साहेबांची मान ताठ व्हायची. त्यांच्या स्वतःच्या सख्ख्या भावाचं घर भिंतीला भिंत लागून होतं. त्या भिंतीवर साहेबांनी बाटल्यांच्या काचा रोवल्या होत्या. गल्लीत कुणाचं बारसं असो की बारावं, साहेब जायचे नाहीत. बाजारातून येताना कुणी "रामराम साहेब" म्हटलं तर छत्रीचं टोक जरासं वर उचलायचे. त्यातच समोरच्यानं समाधान मानायचं.

आणि असा हा माणूस कोंबड्या कशा पाळायचा, तर माणसाळलेल्या.

त्या असील जातीच्या होत्या. साहेबांच्या आजोबांना निजामाच्या काळात कुण्या जहागीरदारानं त्या जातीची जोडी बक्षीस दिली, असं ते सांगायचे. कधी ती जोडी बक्षीस मिळालेली असायची, कधी पैजेत जिंकलेली, तर कधी आजोबांनी देऊ केलेली तलवार नाकारून मागून घेतलेली. समोरचा पाहुणा जेवढा मोठा, तेवढा जहागीरदार मोठा होत जायचा. एकदा तहसील कचेरीतले कुणी आले होते, तेव्हा ती जोडी थेट निजामाच्या हातून मिळाली. "ह्याला नस्ल म्हणतात," साहेब सांगायचे. "खानदानी चीज. बाकी गावात फिरायल्यात त्या नुसत्या कोंबड्या."

कोंबड्यांना मी नावं ठेवणार नाही. माझ्या धंद्यात मी हजारो कोंबड्या हाताळल्या असतील; बहुतेकींनी मला बोचकारलं आहे. ह्या मात्र हातात घेतल्या की डोळे मिटायच्या. आपापसांत भांडखोर, पिलंसुद्धा एकमेकांवर मान फुगवून धावायची, पण माणूस दिसला की सगळा राग विसरून त्याच्या पायाशी. कोंबड्याचं नाव सरकार. "सरकारनी दाणे खाल्ले का?" असं साहेब स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारायचे, आणि आतून काकू म्हणायच्या, "खाल्ले, खाल्ले."

काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. पिलू अंड्यातून निघालं की काकू त्याला ओच्यात घालून फिरायच्या. भाकरी थापताना ओच्यात पिलं, भाजी निवडताना ओच्यात पिलं. त्या कोंबड्या माणसाळल्या त्या तिथं. साहेबांचा वाटा एवढाच की जे पाखरू चोच मारेल त्याचं त्याच दिवशी कालवण करायचं. "मांडीवर न्हाई बसली तर पातेल्यात बसंल," हे त्यांचं ब्रीद. आणि लोकांपुढं टिमकी मात्र स्वतःची: "मी घडवली ही नस्ल." पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून एवढं मऊ पाखरू घडवलं, पण त्यातला एक थेंबही ह्या माणसाच्या अंगात उतरला नाही.

पारखेचंही सांगते. ती कोंबडी लोखंडी खुर्चीत सिमेंटची गोणी ठेवली तर गोणीवर बसायची. वीजबिल द्यायला आलेल्या माणसाच्या मांडीवर बसायची आणि काकूंच्या भाच्याच्या हेल्मेटमध्येही बसायची. पण साहेबांच्या हिशेबी तिनं बसणं म्हणजे चारित्र्याचा दाखला. एका दुपारी कुणी अनोळखी माणूस पाणी मागायला आला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. कोंबडी लगेच मांडीवर. साहेब खूश झाले आणि पाणी आणायला स्वतः आत गेले. बाहेर आले तर माणूस नाही आणि कोंबडीही नाही. गल्लीत आरडाओरडा झाला, पोरं बसस्टँडपर्यंत धावली. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "चोर हाय, पर खानदानी हाय. न्हाईतर ती बसलीच नसती."

माझं हसू दाबता दाबता पोट दुखलं. पण साहेबांचं खरं रूप हसण्याजोगं नव्हतंच. ते होतं त्यांच्या कॉलरमध्ये.

त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये नेहमी एक सुई टोचलेली असायची. मला वाटायचं, बटण तुटलं तर असावी म्हणून. मग एकदा शेजारच्या बाईनं अंडी मागितली. असील मुळात अंडी घालते थोडी, त्यामुळं गल्लीत त्या अंड्यांना मोठा मान. साहेब नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अंडी आणली, माझ्यादेखत कॉलरमधली सुई काढली, एकेका अंड्याच्या बोथट टोकाला टोचली, आत नीट फिरवली आणि वर तंबाखूच्या डबीतला चुना लावून भोक बुजवलं. इवलासा पांढरा ठिपका. सांगितल्याशिवाय कुणाला दिसायचा नाही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"खाणाऱ्याला काय फरक पडतो? बसवणाऱ्याला पडतो," साहेब म्हणाले. "ह्येच्यातनं पिलू निघत न्हाई. माझी नस्ल माझ्या कंपाउंडच्या भायेर जाणार न्हाई, मॅडम. हद्द म्हणजे हद्द."

लोक बिचारे ती अंडी हौसेनं खुडूक कोंबडीखाली ठेवायचे. एकवीस दिवस कोंबडी उपाशी बसली आणि शेवटी सगळी अंडी नासकी निघाली, असं सांगायचे. मग गावात बोलवा झाली की साहेबांच्या कोंबडीचं बी दुसऱ्याच्या दारात धरत नाही, आजोबांचा काहीतरी शाप आहे. साहेबांच्या कानावर हे आलं की ते आरामखुर्चीत मागं रेलून मिशीतल्या मिशीत हसायचे. मला त्या हसण्याची शिसारी यायची. भिंतीवर काचा लावणारा माणूस मी समजू शकते. पण द्यायचं आणि देताना आतून मारून द्यायचं, वर चुना लावून, हे मला काही केल्या समजलं नाही.

टोचून झालेली अंडी काकू हातात घ्यायच्या. "आणा, बांधून देते," म्हणत आत जायच्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून पुडी आणून द्यायच्या. दर वेळी हेच. मी तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नाही.

त्या श्रावणात राणीसावरगावची गयाबाई आली. ती पालमच्या शिवारात खुरपणीला यायची आणि दसरा झाला की नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. अंगणाच्या फाटकाशी उभी राहून तिनं विचारलं, "साहेब, माझी एक कोंबडी खुडूक झालीय. तुमच्या कोंबडीची अंडी बसवाव म्हणते. फुकट नगं, निम्म्यावर द्या. जेवढी पिलं निघतील त्यातली निम्मी तुमची."

आमच्याकडं शेळ्या-कोंबड्यांचा हा जुना रिवाज आहे, निम्म्यावर देण्याचा. त्यात कुणाला कमीपणा नाही. पण साहेबांनी तिला फाटकाच्या आत बोलावलंसुद्धा नाही.

"तू कोयत्यावर जाणार ना?"

"व्हय, साहेब."

"मग पिलं?"

"संग नेते की. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डालं ठेवायचं, पालाशेजारी सोडायची. आमी ऱ्हातो तशी ऱ्हातेत."

"आमची नस्ल पालात ऱ्हात न्हाई," साहेब म्हणाले. "आज हितं, उद्या तिथं. ना घर, ना हद्द. ह्या कोंबडीला कदर करणारा धनी लागतो."

गयाबाईनं मान खाली घातली नाही. ती त्यांच्याकडं बघतच राहिली. तेव्हा साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आतून अंडी आणली, सुई फिरवली, चुना लावला आणि म्हणाले, "घे. भाजून खा." काकू पुढं झाल्या. "आणा, बांधून देते," म्हणाल्या.

मी त्या दिवशी साहेबांशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसेल. त्यांच्याशी न बोलणारी माणसं गावात पुष्कळ होती.

मानमोडीच्या लसीवरून आमचं खरं वाजलं. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा तो रोग, ज्यात मान पिळली जाते, हिरवी हगवण लागते आणि खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. मी बर्फाच्या थर्मासात लस घेऊन त्यांच्या अंगणात गेले. भाडेकरू म्हणून नाही, कामावरची म्हणून गेले. साहेब खुर्चीतून उठले नाहीत.

"माझ्या कोंबडीला सुई लावायची न्हाई."

"साहेब, लस आहे. पंखाखाली टोचायची, झालं."

"भायेरचं काही आत जाणार न्हाई, आतलं काही भायेर जाणार न्हाई. रक्त साफ हाय म्हणून टिकलंय."

मी त्यांच्या कॉलरमधल्या सुईकडं बघितलं. जन्मभर सुई चालवणाऱ्या माणसाला नेमकी हीच सुई नको होती. मी थर्मास उचलला आणि शेजारच्या आळीत गेले. तिथंही निम्म्या लोकांनी लस नाकारली, कारण साहेबांनी नाकारली होती. न बोलणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात फार.

फाल्गुनात मानमोडी आली. आधी बाजाराकडच्या गल्लीत, मग आमच्या. साहेबांच्या अंगणातल्या त्या तांबूस, उंच मानेच्या कोंबड्या, ज्यांची मान बघूनच लोक ओळखायचे, त्यांच्या माना एकेक करून वाकड्या झाल्या. काकू ओच्यात घेऊन बसल्या. ओल्या फडक्यानं चोच पुसायच्या, चमच्यानं पाणी घालायच्या. मला सारखं विचारायच्या, "ताई, आता टोचलं तर?" आता टोचून उपयोग नव्हता. सरकार सगळ्यात शेवटी गेला. साहेबांनी त्याला स्वतः अंगणाच्या कोपऱ्यात पुरलं, भिंतीच्या आत. मग हात धुऊन आरामखुर्चीत बसले आणि म्हणाले, "संपलं. जगात आता ही चीज न्हाई." इथंही जगच. पालम नाही, गल्ली नाही.

काकू उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "गयाबाईकडं असंल."

"कोण गयाबाई?"

"राणीसावरगावची. कोयत्यावर जाती ती."

"तिला भोकाची अंडी दिली होती," साहेब म्हणाले.

"भोकाची तुमी खाल्लीत," काकू म्हणाल्या. "रातच्या रश्श्यात. लगीन झाल्यापासनं खायलात."

साहेब आरामखुर्चीत पुढं सरकले. काकूंनी मेथीची काडी बाजूला टाकली. "पुडी बांधायला आत न्यायची, डब्यातली चांगली अंडी घालायची, भोकाची चुलीवर. कुणाला निघाली पिलं, कुणाला न्हाई. ज्याच्याकडं निघाली त्याला मीच सांगून ठेवायची, माझं नाव घेऊ नगा, शाप हाय म्हणा. गल्लीत होत्या त्या ह्याच साथीत गेल्या. कोयत्यावर गेलेल्या तेवढ्या ऱ्हायल्या असतील. साथ हितं होती, त्या तिथं होत्या."

मी तिथंच दारात उभी होते. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खोलीत गेले आणि एकटीच हसले. हद्दीचे साहेब! आणि त्यांची हद्द रोज रात्री त्यांच्याच ताटात वाढली जात होती.

त्यानंतर साहेब बरेच दिवस अंगणात बसले नाहीत. चैत्र सरता सरता ऊसतोडीची माणसं परतली, आणि एका सकाळी साहेब माझ्या दारात उभे. इस्त्रीची पँट, पांढरा सदरा, छत्री, हातात रिकामं डालं. "मॅडम, जरा राणीसावरगावला येता का? सरकारी माणूस संग असला की बरं असतं." एसटीत ते खिडकीशी बसले आणि वाटेतल्या प्रत्येक बांधाकडं बघत राहिले.

गयाबाईच्या अंगणात अजून ऊसतोडीचं बिऱ्हाड पसरलेलं होतं. गोधड्या, पातेली, गुंडाळून ठेवलेला पालाचा प्लॅस्टिकचा कागद. आणि त्यामधून तांबूस, उंच मानेच्या, ताठ चालीच्या कोंबड्या फिरत होत्या. सोबत एक तरणा कोंबडा, हुबेहूब सरकार. साहेब फाटकातच थांबले. त्या घराला फाटक नव्हतं, तरी थांबले.

"या, साहेब. वाट चुकलात का?" गयाबाईनं विचारलं.

"जवळ मोजणी होती," साहेब म्हणाले. निवृत्त होऊन त्यांना किती काळ लोटला होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

गयाबाईनं शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि मांडली. मी तिच्याजवळ ओट्याच्या पायरीशी खाली बसले. पाणी झालं, चहा झाला. साहेबांनी घसा खाकरला. "जोडी एक पायजे होती," ते म्हणाले.

"न्या की," गयाबाई म्हणाली. "पर कायदा तुमचाच हाय न्हवं का? मांडीवर बसंल ती न्यायची."

साहेब खुर्चीत ताठ बसले. कोंबडी आली ती माझ्या मांडीवर. तिला उचलून मी खाली ठेवली, ती गयाबाईच्या मांडीवर गेली. साहेबांनी "आ, आ" केलं, खिशातल्या शेंगा सोलून टाकल्या. कोंबड्यांनी शेंगा खाल्ल्या, खुर्चीच्या पायाला चोच घासली आणि परत आमच्याकडं आल्या. ऊन चढत गेलं. साहेबांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली. शेवटी गयाबाईच म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, "कोंबड्यांचा दोष न्हाई, साहेब. पालात खुर्ची कुठली? ह्यांला खुर्चीतली मांडी ठावच न्हाई. मांडी म्हणजे भुईवरची."

साहेबांनी छत्री खुर्चीला टेकवली, दोन्ही हातांनी खुर्चीचा आधार घेतला आणि गुडघे कण्हत कण्हत खाली बसले. इस्त्रीच्या पँटीसकट, त्या मातीत, पालाच्या कागदाशेजारी. मांडी नीट घालता येईना, एक गुडघा वरच राहिला. तो त्यांनी हातानं दाबून खाली केला. थोड्या वेळानं कोंबडी आली, त्यांच्या मांडीवर चढली आणि डोळे मिटले. मागून तो तरणा कोंबडाही आला. साहेबांचा हात तिच्या पाठीवरून फिरला. त्यांनी मान वळवली, पण मी बघायचं ते बघितलं. मला हसू यायला हवं होतं. राग आला. एवढंसं खाली बसायला ह्या माणसाला अख्खं खुराडं मरावं लागलं.

"निम्म्यावर देते," गयाबाई म्हणाली. "पयल्या खेपेला निघतील त्यातली निम्मी पिलं माझी." साहेबांनी मान हलवली. होकारासाठी ती मान हललेली मी पहिल्यांदा पाहिली.

परतताना डालं त्यांच्या मांडीवर होतं. गाडी गावाबाहेर पडली तसे ते माझ्याकडं झुकले. "बगितलं, मॅडम? ओळखलं मला." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते ह्यासाठीच. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

एक मात्र झालं. त्या जोडीला लस टोचताना साहेबांनीच पंख धरून ठेवला. तोंड दुसरीकडं होतं, पण धरून ठेवला.

पुढच्या वर्षी माझी सेलू तालुक्यात, देवगाव फाट्याजवळच्या दवाखान्यात बदली झाली. निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढत होतं आणि साहेब हातात डबा घेऊन आले. डब्यात गव्हाचा भुसा आणि भुशात अंडी. "तुमाला म्हणून," ते म्हणाले. मी एक अंडं उचलून उन्हात धरलं. बोथट टोकाला चुन्याचा ठिपका होता. कॉलरमध्ये सुई होतीच. मी साहेबांच्या तोंडाकडं बघितलं. ते निर्विकार.

काकू ओच्याला हात पुसत बाहेर आल्या. "आणा, बांधून देते," म्हणाल्या. पण ह्या वेळी त्यांनी अंडी आत नेली नाहीत. आतला दुसरा डबा घेऊन आल्या, साहेबांच्या पुढ्यातच उंबऱ्यावर बसल्या आणि एकेक भोकाचं अंडं काढून त्याजागी चांगलं अंडं ठेवायला लागल्या. भोकाची त्यांनी शेजारच्या परातीत ठेवली, रात्रीच्या रश्श्यासाठी. साहेब आरामखुर्चीत बसून सगळं बघत होते. आता काहीतरी होणार, असं मला वाटलं.

काही झालं नाही. साहेबांनी नव्या सरकारला हाक मारली, तो आला नाही. मग छपराच्या पत्र्याकडं बघितलं. मी डबा घेऊन टेम्पोत चढले, ड्रायव्हरशेजारी बसले, तेव्हा ते आरामखुर्चीतूनच ओरडले, "मॅडम, रस्ता लय खराब हाय. डबा खाली ठेवू नका. मांडीवर धरा."

भोकाच्या अंड्यांना जपायला त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.